स्वच्छ, शुद्ध, निर्जंतुक : वैद्यकीय उपकरणांच्या संदर्भात तीन शब्दांचा विचार

एखाद्या क्रियेला भाषेत स्वतंत्र शब्द नसला म्हणजे ती क्रिया त्या समाजात घडतच नाही, असे विधान करणे धाडसाचे होईल. असल्या विधानांपासून दूर राहण्याचा धडा भाषाशास्त्राने पुरेसा गिरवलेला आहे. तथापि तीन भिन्न क्रियांना एकच शब्द लावला गेला आणि त्यांपैकी कोणती अभिप्रेत आहे यावर माणसाचा जीव अवलंबून असला, तर तो प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. ‘निर्जंतुकीकरण’ हा असा शब्द आहे. २०२० साली करोनाच्या साथीत गावोगावच्या रस्त्यांवर व बाजारपेठांत सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण फवारले गेले, तेव्हा त्या कृतीला वृत्तपत्रांनी ‘निर्जंतुकीकरण’ म्हटले. त्याच दिवसांत रुग्णालयांतून शस्त्रक्रियेची हत्यारे बंद पात्रात, दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सियस तापमानाला ठेवली जात होती. त्याचेही नाव ‘निर्जंतुकीकरण’च. रस्त्यावरील धूळ व घाण क्लोरीनला निष्प्रभ करते, त्यामुळे उघड्यावरील फवारणीपासून लाभ नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये स्पष्ट केले होते. या दोन कृतींत नावाखेरीज समान असे फारच थोडे आहे.

वैद्यकात या ठिकाणी तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली साफसफाई : उपकरणावरील रक्त, स्राव, माती इत्यादी दृश्य मळ पाणी, साबण व घासणी यांनी काढून टाकणे. दुसरी रोगजंतुनाशन : रसायनाने अथवा उष्णतेने बहुतेक रोगकारक सूक्ष्मजीव मारणे. येथे ‘बहुतेक’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. कारण काही जीवाणू प्रतिकूल परिस्थितीत जे कठीण कवचाचे बीजाणू धारण करतात ते या क्रियेतून वाचतात. तिसरी, सर्व सूक्ष्मजीवांचा, बीजाणूंसह, नाश. पहिलीवाचून दुसरी वा तिसरी साधत नाही. वाळलेल्या रक्ताचा पापुद्रा उष्णतेने अधिकच घट्ट होतो व आतल्या जंतूंना चिलखतासारखा उपयोगी पडतो. क्लोरीन तर त्या रक्ताशी संयोग पावण्यातच खर्ची पडते.

या पायऱ्यांमधील अंतर पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात पाहिले असता अधिक स्पष्ट होते. दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग सपाट व बागायती आहे. नारायणगाव व मंचर ही त्याची बाजारपेठेची गावे. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, भीमाशंकरचे अरण्य आणि महादेव कोळी समाजाच्या विखुरलेल्या वाड्या आहेत. रुग्णसेवेची साखळी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, जुन्नर व घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय अशी चढत जाते. परंतु ही साखळी उभी राहण्यापूर्वी, आणि पश्चिमेकडील वाड्यांत ती उभी राहिल्यानंतरही काही काळ, बाळंतपण घरीच होत असे आणि त्यातील एकमेव शस्त्रक्रिया सुईण करीत असे. ती म्हणजे नाळ कापणे. ‘वैद्यकीय उपकरण’ म्हटले की डोळ्यांपुढे चकाकणारी पोलादी हत्यारे येतात. वस्तुतः महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या सर्वाधिक वापरले गेलेले वैद्यकीय उपकरण म्हणजे विळा, सुरी किंवा दाढीचे पाते होय.

नाळेच्या कापलेल्या टोकातून शिरणारा सर्वांत घातक रोग धनुर्वात. त्याचे जीवाणू मातीत व गुराघोड्यांच्या शेणात बीजाणूरूपाने राहतात. हवा न पोचणाऱ्या जखमेत ते अंकुरतात व त्यांचे विष मज्जासंस्थेला ग्रासते. बाळ प्रथम अंगावर पिईनासे होते, मग जबडा आवळतो, मग शरीर ताठरते. सुश्रुतसंहितेत धनुष्यासारख्या वाकलेल्या देहावरून ‘धनुःस्तंभ’ हे नाव आले आहे आणि त्याच वर्गातील दुसऱ्या विकाराला ‘अपतानक’ म्हटले आहे. ‘अपतानक’ शब्दातील तन् हा धातू, मराठीतील ‘ताण’ व ‘ताणणे’, आणि ज्या ग्रीक शब्दावरून ‘टिटॅनस’ आला त्यातील ‘ताणणे’ या अर्थाचा धातू ही सर्व एकाच कुळातील रूपे आहेत. रोगाचे लक्षण तिन्ही भाषांनी अचूक टिपले. त्याचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

नवजात बालकाचा धनुर्वात सामान्यतः तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतो. महाराष्ट्रात पाचव्या दिवशी ‘पाचवी’ पुजतात व सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते असे मानतात. ‘सटवाई’ हे नाव ‘षष्ठी’वरून आलेले आहे. रोगाचे दिवस व विधीचे दिवस यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध करणे शक्य नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. परंतु पहिला आठवडा हा बाळाच्या जगण्यामरण्याचा काळ आहे हे समाजाने ओळखले होते, एवढे निश्चित म्हणता येते. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की पाचवीच्या पूजेत पाटावरवंट्याबरोबर नाळ कापलेले हत्यार ठेवून त्याची पूजा करण्याची चाल अनेक समाजांत आढळून आलेली आहे. ज्या हत्याराने जीव धोक्यात येण्याचा संभव, तेच हत्यार हळदकुंकू वाहून जीवरक्षणासाठी पुजले जात होते. हत्यार महत्त्वाचे आहे ही जाणीव होती. उणीव होती ती ते नेमके कोणत्या अर्थाने निर्दोष असावे या कल्पनेची.

येथेच शब्दांच्या अर्थांचा प्रश्न उपस्थित होतो. ‘स्वच्छ’ या शब्दाचा मूळ संबंध दृष्टीशी आहे. संस्कृतात ‘अच्छ’ म्हणजे पारदर्शक, नितळ. ‘स्वच्छ’ म्हणजे अतिशय नितळ, जसे पाणी किंवा स्फटिक. डोळ्यांना मळ दिसत नाही ते स्वच्छ. ‘शुद्ध’ शब्दाचा व्यवहार निराळा आहे. शुद्धाशुद्धता डोळ्यांना दिसत नाही. ती स्पर्शाने, संबंधाने, प्रसंगाने ठरते. तिचा विरोधी शब्द ‘विटाळ’ किती जुना आहे याची साक्ष बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात सापडते. अपभ्रंश भाषेतील शब्द देताना त्याने अस्पृश्याच्या संसर्गासाठी ‘विट्टाल’ हा शब्द नोंदवला आहे. अदृश्य अशा काही दोषाचा स्पर्शाने प्रसार होतो ही कल्पना या शब्दाच्या पोटात आहे आणि वरवर पाहता ती जंतुसंसर्गाच्या कल्पनेच्या फार जवळ जाते. आरोग्यप्रचारकांना या साम्याचा मोह पडतो. ‘सोवळे म्हणजे आपल्या पूर्वजांचे जंतुशास्त्रच’ असे विधान आजही ऐकू येते. ते टिकणारे नाही, आणि त्याचे कारण केवळ सामाजिक नाही. विटाळाच्या कल्पनेने माणसांच्या एका मोठ्या समूहावर शतकानुशतके जो अन्याय केला, तो तर त्या विधानाआड दडतोच. शास्त्रदृष्ट्याही ते चुकीचे आहे. बाळंतपणाचे काम ‘विटाळाचे’ मानले गेल्यामुळे ते करणाऱ्या सुईणीला शिक्षण, प्रतिष्ठा व साधने मिळाली नाहीत. वापरावयाचे हत्यारही बहुधा घरातले जुने, टाकाऊ असे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात धातूची व रत्नांची शुद्धी राख, पाणी व माती यांनी. तांबे, लोखंड, कासे यांची क्षार, आम्ल व पाणी यांनी. मातीच्या भांड्याची पुन्हा भाजण्याने सांगितली आहे. मराठी घरातील चिंच-राखेने घासलेली तांब्यापितळेची भांडी या परंपरेतलीच. हे वर्गीकरण पदार्थाच्या घटकद्रव्यावर आधारलेले आहे : वस्तू कशाची बनलेली, त्यावर तिची शुद्धी अवलंबून. साफसफाईच्या दृष्टीने ते चांगलेच व्यवहार्य आहे. परंतु त्यात माती हे शुद्धीचे साधन आहे आणि धनुर्वाताचा बीजाणू मातीतच राहतो. मातीने हत्यार शुद्ध होते, पण निर्जंतुक होत नाही. किंबहुना निर्जंतुक असलेले हत्यार मातीने तसे राहत नाही. नाळेच्या देठावर राख किंवा शेण लावण्याच्या जुन्या चालीही याच कोटीतल्या. शेण शुद्ध मानलेले, म्हणून निर्धास्तपणे लावलेले.

याउलट आधुनिक रुग्णालयांतील वर्गीकरण अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडले व १९६८ मध्ये विस्ताराने सांगितले. त्यात वस्तू कशाची आहे हा प्रश्नच नाही. ती शरीरात कोठवर जाते, हा प्रश्न आहे. जी त्वचा भेदून रक्तात वा निर्जंतुक ऊतींत शिरते ती पहिल्या वर्गातील, जशी सुई, शस्त्रक्रियेचे पाते, नाळ कापण्याची कात्री. तिच्यावरील बीजाणूही नष्ट झाले पाहिजेत. जी तोंड, श्वासमार्ग अशा ओलसर अंतस्त्वचेला स्पर्श करते ती दुसऱ्या वर्गातील. तिला उच्च प्रतीचे रोगजंतुनाशन पुरते. जी केवळ धड त्वचेला लागते, जसा रक्तदाब मोजण्याचा पट्टा, ती तिसऱ्या वर्गातील. ती धुणे, पुसणे एवढे बहुतेक वेळा पुरेसे. या विवेचनात तीन निरनिराळ्या क्रियापदांची गरज पडते आणि येथेच ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द अपुरा पडतो.

अपुरेपणा कशामुळे येतो हे व्याकरणावरून समजते. ‘निर्’ हा उपसर्ग पूर्ण अभाव सांगतो. ‘निर्जल’, ‘निर्धन’ यांना तरतमभाव लावता येत नाही असे नाही, पण तो लावला की अलंकार होतो. ‘अधिक निर्जंतुक’ ही शास्त्रात अर्थहीन शब्दयोजना आहे. तिसऱ्या पायरीस हा शब्द शोभतो, कारण तेथे अपेक्षाच पूर्ण नाशाची असते. दशलक्ष वस्तूंमागे फार तर एका वस्तूवर एखादा सूक्ष्मजीव जिवंत राहण्याचा संभव, हे तिचे सांकेतिक प्रमाण. दुसरी पायरी मात्र स्वभावतःच प्रतवारीची आहे : उच्च, मध्यम, कनिष्ठ. तिला ‘निर्’ लावणे म्हणजे जे घडलेच नाही ते घडले असे व्याकरणाने वदवणे होय. शिवाय ‘-ईकरण’ हा प्रत्यय ‘जे नव्हते ते करणे’ एवढेच सांगतो. कसे, किती वेळ, कशाने, यांपैकी काहीही त्यात नसते. आज्ञा म्हणून असा शब्द वापरला की ती पाळली गेली किंवा नाही, हे आज्ञा देणाराला कळत नाही आणि पाळणारालाही कळत नाही.

धनुर्वाताचाच, परंतु नाळेशी संबंध नसलेला एक प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला व पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. वॉल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात होती. १९२५ पासून तीच संस्था हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी परळहून गेलेल्या लशीच्या पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचले ते १९ जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे असे दिसून आले की बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत तापवून घेण्याऐवजी कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून तसाच वापरण्यात आला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांच्या खटपटीनंतर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. चिमटा डोळ्यांना स्वच्छ दिसत असणार, आणि रसायनाचा स्पर्श झालेला असल्यामुळे त्यावर ‘प्रक्रिया’ही झालेली होती. परंतु कार्बोलिकमध्ये क्षणभर बुचकळण्याने बीजाणू मरत नाहीत, ज्योतीने मरतात. बुडवणे व लाल होईपर्यंत तापवणे या दोहोंना एकाच नावाने संबोधले, तर एकाच्या जागी दुसरे करण्यात गैर काही वाटणार नाही.

मराठीपाशी या क्षेत्रात शब्दांची वाण आहे असे मात्र मुळीच नाही. वाण आहे ती परिभाषेत, स्वयंपाकघरात नाही. घासणे, चोळणे, विसळणे, खंगाळणे, बुचकळणे, भिजत घालणे, पुसणे, उकळणे, उकडणे, वाफवणे, भाजणे, लाल करणे : प्रत्येक क्रियापद निराळी हालचाल, निराळे साधन आणि निराळा परिणाम सांगते. कोणतीही मराठी गृहिणी विसळलेले भांडे व घासलेले भांडे यांत घोटाळा करणार नाही. नव्या पात्यासाठी तर ‘कोरे’ हा त्याहून उपयुक्त शब्द आहे. ज्याला अद्याप वापर लागलेला नाही ते कोरे. ‘नवेकोरे पाते’ म्हटल्यावर श्रोत्याला संशय उरत नाही. सुईणींच्या प्रशिक्षणात जी पाच स्वच्छतांची शिकवण दिली जाई (हात, जागा, पाते, नाळ बांधण्याचा दोरा व नाळेचा देठ), तिच्यातील पात्याचे कलम नव्याकोऱ्या पात्यामुळे सोपे झाले. लसीकरणातही २००५ पासून शासनाने एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा आणल्या. त्यापूर्वी काचेच्या सिरिंजा वाफेवर तापवून पुनःपुन्हा वापराव्या लागत. पुन्हा वापरताच येत नाही अशा वस्तूच्या बाबतीत शब्दांचा गोंधळ निरुपद्रवी ठरतो. २००५ मध्येच जननी सुरक्षा योजना व आशा कार्यकर्त्यांची नेमणूक यांमुळे संस्थेतील बाळंतपणांना चालना मिळाली. या उपायांच्या व गरोदर स्त्रियांच्या लसीकरणाच्या जोरावर २०१५ मध्ये माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलन याचा अर्थ येथे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा आहे. बीजाणू मातीत आहेतच आणि राहणार आहेत. (‘निर्मूलन’ या शब्दातही तोच ‘निर्’ आहे, हे जाता जाता नोंदवण्यास हरकत नाही.)

म्हणून पुनःपुन्हा वापरावयाच्या कात्र्या व चिमटे ज्या खोलीत असतात, तेथे प्रश्न आजही तसाच आहे. प्रसूतिगृहांसाठीच्या शासकीय मार्गदर्शनात वापरलेले हत्यार अर्ध्या टक्क्याच्या क्लोरीन द्रावणात दहा मिनिटे बुडवणे, मग घासून धुणे, मग वीस मिनिटे उकळणे अथवा दाबाच्या वाफेत ठेवणे असा क्रम सांगितला जात आलेला आहे. उकळणे ही दुसरी पायरी होय, तिसरी नव्हे. धनुर्वाताच्या बीजाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यात स्थलाची भर पडते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या किंचित खालीच उकळते. भीमाशंकरच्या माथ्यावर, हजार मीटरच्या आसपास, ते ९७ अंशांच्याही खाली उकळते. पाणी उसळू लागले की ते ‘पुरते तापले’ असे डोळे सांगतात, आणि येथेही डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. दाबपात्रावरील काटादेखील बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. बाहेरचीच हवा विरळ असल्यामुळे प्रत्येक ३०० मीटर उंचीमागे सुमारे अर्धा पौंड दाब अधिक ठेवल्याशिवाय १२१ अंश गाठले जात नाहीत.

दाबपात्र हे घरातील प्रेशर कुकरचेच मोठे भावंड असल्यामुळे कुकरची भाषाही त्याच्याबरोबर येते. स्वयंपाकघरात काळ ‘शिट्ट्यां’नी मोजतात, तीन शिट्ट्यांत डाळ शिजते. शिट्टी ही दाबाची खूण आहे, काळाची नव्हे. उपकरणांच्या बाबतीत पंधरा पौंड दाबाला उघड्या वस्तूंसाठी वीस व गुंडाळलेल्यांसाठी तीस मिनिटे मोजावयाची ती योग्य तापमान आल्यानंतर. तत्पूर्वी पात्रातील हवा संपूर्ण बाहेर गेली पाहिजे. हवा व वाफ यांचे मिश्रण तोच दाब दाखवते, पण तितके तापमान देत नाही. काटा खरे बोलतो आणि तरी फसवतो. कपड्यात घट्ट दडपून भरलेल्या हत्यारांच्या मध्यभागी अशी हवा अडकून राहते. म्हणून ‘भरणे’ हे क्रियापदही या क्रमात हवे, आणि ते ‘सैल भरणे’ असे हवे.

परिचारिकांच्या नित्याच्या बोलण्यात ‘निर्जंतुकीकरण’ क्वचितच येते. तेथे ‘बॉइल करणे’, ‘ऑटोक्लेव्ह करणे’, ‘सिडेक्समध्ये टाकणे’ असे प्रयोग रूढ आहेत. भाषाशुद्धीच्या आग्रहाने अशा प्रयोगांकडे नाक मुरडले जाते. परंतु क्रियांमधील भेद राखण्याच्या कसोटीवर ही संमिश्र क्रियापदे संस्कृतोद्भव पारिभाषिक शब्दापेक्षा सरस उतरतात. ‘सिडेक्समध्ये टाकणे’ हा वाक्प्रयोगही पुरेसा नाही, हे खरे. त्या ग्लुटारल्डिहाइडच्या दोन टक्क्यांच्या द्रावणात वीस मिनिटे ठेवलेले हत्यार रोगजंतुनाशनाच्या पायरीवर असते व बीजाणूनाशासाठी दहा तास लागतात. ‘टाकणे’ हे क्रियापद काढण्याची वेळ सांगत नाही. पर्याय सुचवावयाचा झाल्यास ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द तिसऱ्या पायरीपुरताच राखावा, दुसरीला ‘रोगजंतुनाशन’ म्हणावे, आणि पहिलीला कोणतेही भारदस्त नाव न देता ‘धुणे’ म्हणावे. भिंतीवर लावावयाच्या सूचनाफलकांवर मात्र यांपैकी एकही नाम नसावे. तेथे क्रियापदे, मिनिटे आणि अंश असावेत.

दाबपात्रात ठेवावयाच्या गाठोड्यांवर एक कागदी पट्टी चिकटवतात. उष्णता लागली की तिच्यावरील फिकट तिरक्या रेघा काळ्या पडतात. ‘पट्टी काळी झाली’ हे वाक्य त्यामुळे ‘काम झाले’ या अर्थाने वापरात आले आहे. वस्तुतः पट्टी गाठोड्याच्या बाहेर असते आणि गाठोडे पात्रात जाऊन आले एवढेच सांगते. आतल्या कात्रीच्या सांध्यातील बीजाणूंविषयी ती काही सांगत नाही. ते पाहण्यासाठी अत्यंत चिवट अशा निरुपद्रवी जीवाणूच्या बीजाणूंची कुपी हत्यारांबरोबर आत ठेवतात व नंतर तिच्यात वाढ होते किंवा नाही हे काही काळ उबवून तपासतात. त्या कुपीला मराठीत अद्याप सर्वमान्य नाव नाही.